मुलांसोबत तंबूतली पहिली रात्र: कशाची तयारी करायची आणि काय मोकळं सोडायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात ४ वर्षांची मुलगी आणि ९ वर्षांचा मुलगा. चौघांपैकी कुणीच आजवर तंबूत झोपलेलं नाही. दोन रात्रींचा मुक्काम ठरवताय. मुलगी अंधाराला घाबरते आणि मुलगा दर थोड्या वेळाने "आता काय करायचं?" असं विचारत राहतो. म्हणून तुम्ही सकाळी सहापासून रात्री दहापर्यंतचं तासागणिक वेळापत्रक केलंय: पक्षीनिरीक्षण, पानं गोळा करणं, खजिन्याचा शोध, शेकोटी, तारे. यात काय राहिलं, असं तुम्ही विचारताय.

राहिलं काहीच नाही, उलट फार झालंय. मी बरीच वर्षं कुटुंबांसाठी आणि शाळकरी मुलांसाठी असे मुक्काम घेते. माझं याबाबतीत ठाम मत आहे: मुलं रमतात ती दोन कार्यक्रमांच्या मधल्या रिकाम्या वेळात. पण तो रिकामा वेळ आपोआप मिळत नाही. झोप, ऊब, पाणी आणि संडास या गोष्टी मोठ्यांनी आधीच चोख करून ठेवल्या असतील तरच मिळतो. नाहीतर मोठी माणसं दिवसभर वस्तू शोधत आणि चुली पेटवत बसतात, आणि मुलांना गुंतवून ठेवायला कार्यक्रम लागतात. तुमचं वेळापत्रक त्यातूनच आलंय. त्यामुळे मी आधी ऊब आणि झोप यांबद्दल लिहिते, खेळांबद्दल नंतर.

पहिल्यांदा एकच रात्र ठेवा. पहिल्या रात्री लहान मूल नीट झोपत नाही, आईबाबाही झोपत नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्यांची चिडचिड होते. ती दुपार घरी गेलेली बरी. त्याआधी एका सुटीच्या दिवशी तंबू घरीच उभा करा. अंगणात, गच्चीत, जागा नसेल तर बैठकीच्या खोलीत फर्निचर सरकवून. मुलीला त्यात दुपारची झोप घेऊ द्या. स्लीपिंग बॅगची चेन आतून कशी उघडायची, हे तिला स्वतःला जमलं पाहिजे. रात्री जाग आल्यावर अडकल्यासारखं वाटलं की मुलं घाबरतात. ती भीती अंधाराची आहे असं आपण समजतो, आणि प्रत्यक्षात चेन उघडत नसते.

तंबू घेताना त्यावर लिहिलेल्या आकड्यावर जाऊ नका. चार माणसांचा तंबू म्हणजे चार माणसं खांद्याला खांदा लावून झोपतील एवढी जागा, सामानाला शून्य. चौघांच्या कुटुंबाला पाच-सहा जणांचा घ्या.

जागा अशी निवडा की गाडीपासून तंबूपर्यंत दोन-चार मिनिटांत चालत पोहोचता येईल, आणि तिथे राहायला परवानगी असेल. सूर्यास्ताच्या किमान तीन तास आधी पोहोचा. हा एवढा एक नियम पाळलात तरी अर्ध्या कटकटी टळतात, कारण अंधारात तंबू लावताना भुकेलेलं मूल पायात येतं तेव्हा सगळ्यांचाच तोल जातो. जमीन सपाट हवी. वर वाळलेल्या फांद्या नकोत; वाऱ्याशिवायही त्या पडतात. कोरड्या ओढ्याच्या पात्रात तंबू कधीच नाही, आकाश निरभ्र असलं तरी नाही, कारण पाऊस वरच्या बाजूला दूर कुठेतरी पडलेला असतो आणि लोंढा तुमच्यापर्यंत येतो. खोलगट जागाही टाळा. रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून खाली वाहत येते आणि खळग्यात साचते. पाच-दहा मीटर वर सरकलात तरी फरक जाणवतो.

आता ऊब. थंडी वाजली की लोक वरून पांघरुणं वाढवतात, पण तंबूत थंडी खालून येते. जमीन तुमच्या अंगापेक्षा बरीच गार असते आणि अंगाची उष्णता सरळ तिच्यात जाते. स्लीपिंग बॅग ऊब देते ती तिच्यातल्या अडकलेल्या हवेमुळे. पाठीखाली ती दबून चपटी होते, हवा निघून जाते, आणि त्या बाजूने तिचा फारसा उपयोग राहत नाही. म्हणून पैसे मर्यादित असतील तर महागड्या बॅगेपेक्षा चांगल्या मॅटवर खर्च करा. नुसती हवा भरायची गादी मऊ लागते, पण आतली हवा इकडून तिकडे फिरत राहते आणि गार पडते. बंद पेशींच्या फोमची, म्हणजे आत हवेचे बारीक बंद कप्पे असलेली मॅट दिसायला साधी असते, पण ऊब टिकवते. गादीच वापरायची असेल तर तिच्यावर फोम किंवा जाड घोंगडी अंथरा.

मुलांच्या बाबतीत हे जास्त महत्त्वाचं आहे, कारण वजनाच्या मानाने त्यांच्या त्वचेचं क्षेत्रफळ मोठं असतं आणि अंगातली उष्णता लवकर जाते. मुलगी मोठ्यांच्या बॅगेत झोपणार असेल तर पायाकडचा रिकामा भाग दुमडून खाली घाला किंवा दोरीने बांधून टाका. नाहीतर तेवढी मोकळी हवा तापवायचं काम तिच्या अंगावर पडतं. रात्रीचे कपडे वेगळ्या पिशवीत ठेवा आणि दिवसा काहीही झालं तरी ती पिशवी उघडू नका. दिवसभर अंगात असलेला मोजा कोरडा वाटला तरी घामाने दमट असतो; झोपताना तो बदलायचाच. कानटोपी हवी. मूल गारठलंय का हे बघायला हातपाय चाचपू नका, ते उघडे राहून गार पडतातच. मानेमागे किंवा छातीवर हात ठेवून बघा. तिथे ऊब असली की काळजी नाही.

डोंगरावर जाणार असाल तर दर १००० मीटर उंचीला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं हे धरून चाला, आणि अंदाज पायथ्याच्या गावाचा बघताय की मुक्कामाच्या जागेचा, हे तपासा.

थंडी आहे म्हणून तंबूच्या सगळ्या झडपा बंद करायचा मोह होतो. तो आवरा. चौघांच्या श्वासातून रात्रभर वाफ बाहेर पडते, ती गार कापडावर थेंब होऊन जमते आणि पहाटे सगळं ओलं होतं. मग लोक म्हणतात तंबू गळतो. वरची झरोक्याची जाळी उघडी ठेवा. आणि ही गोष्ट जितकी ठासून सांगता येईल तितकी सांगते: तंबूच्या आत स्टोव्ह, शेगडी, निखाऱ्यांचं घमेलं यांपैकी काहीही नेऊ नका, विझत आलेलं असलं तरी नाही. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो, आणि झोपलेल्या माणसाला काही कळायच्या आत जीव जातो. स्वयंपाकसुद्धा तंबूच्या दाराशी नको, मोकळ्यावर करा.

मुलीच्या अंधाराच्या भीतीकडे वळते. तिला "घाबरायचं काही नाही" असं सांगू नका, त्याचा उपयोग होत नाही. घरात अंधार बटण दाबल्यासरशी येतो. बाहेर तो तासाभरात हळूहळू येतो, आणि मूल त्या येण्याला साक्षी असलं तर त्याची भीती बरीच ओसरते. सूर्यास्ताच्या आधी जेवणं उरका. मग सगळ्यांनी एका चटईवर बसा, एकही दिवा न लावता.

तिथे एक प्रयोग करा. घरून एक लाल आणि एक निळं फडकं न्या आणि समोर गवतावर पसरून ठेवा. उजेड असताना लाल रंग जास्त उठून दिसतो. जसजसा उजेड उतरतो तसतसं लाल फडकं काळपट पडत जातं आणि निळं मात्र बराच वेळ फिकट, राखाडी असं दिसत राहतं. दोन्ही फडकी तीच असतात, आपले डोळे बदललेले असतात. भरपूर उजेडात डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी काम करतात, मंद उजेडात दंडपेशी. दंडपेशींना लाल रंग जवळजवळ दिसत नाही. यान पुरकिन्ये या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात हे टिपून ठेवलं आणि या परिणामाला त्याचंच नाव आहे. तुमच्या मुलाला एवढं सगळं सांगा. मुलीला फक्त विचारा, "आता लाल कुठे गेलं?" माझ्या अनुभवात चार वर्षांची मुलं हे फडकं दहा-दहा वेळा जाऊन बघून येतात, आणि बघता बघता अंधारात वावरायला लागतात.

डोळे अंधाराला पूर्ण सरावायला अर्धा तास किंवा त्याहून थोडा जास्त वेळ लागतो. तेवढ्या वेळात एकदा जरी मोबाइलचा पडदा तोंडासमोर उजळला तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. म्हणून बॅटरीला लाल जिलेटिन कागद लावा, लाल उजेडाने डोळ्यांचा सराव फारसा मोडत नाही. मुलीला तिची स्वतःची छोटी बॅटरी द्या. ती कधी लावायची आणि कधी विझवायची हे तिने ठरवायचं. तुम्ही "विझव, विझव" म्हणत राहिलात तर सगळं मुसळ केरात. बटण स्वतःच्या हातात असलं की बहुतेक मुलं ते कमी दाबतात.

तारखेची निवडही इथे कामाला येते. ताऱ्यांसाठी लोक अमावास्या शोधतात. घाबरणारं मूल सोबत असेल तर मी शुक्ल पक्षातली षष्ठी ते अष्टमी सुचवीन. सूर्य मावळतो तेव्हा चंद्र आकाशात वर असतो, संध्याकाळ सौम्य जाते, आणि मध्यरात्रीच्या आसपास तो मावळला की मोठ्यांना तारे बघायला मिळतात. मुलाला जागायचं असेल तर जागू द्या. फिकट तारा बघायचा असेल तर थेट त्याच्याकडे न बघता किंचित बाजूला बघ, असं त्याला सांगा. डोळ्याच्या अगदी मध्यभागी दंडपेशी नसतात, बाजूला असतात. मृग दिसण्याचे महिने असतील तर तांबूस काक्षी आणि निळसर पांढरा राजन्य यांच्यातला रंगाचा फरक नुसत्या डोळ्यांनी दिसतो. नक्षत्रांची यादी पाठ करून घेऊ नका. दोन तारे ओळखीचे झाले तरी पुरे.

रात्रीच्या आवाजांनाही नाव मिळालं की भीती कमी होते. रातकिडा हा सगळ्यात सोपा. ओरडतो तो नर, आणि तोंडाने नाही तर पुढचे पंख एकमेकांवर घासून. त्याचे कान पुढच्या पायांवर असतात, हे ऐकून मुलं आधी विश्वासच ठेवत नाहीत. तुम्ही त्याच्या दिशेने चालायला लागलात की तो गप्प होतो, थांबलात की थोड्या वेळाने पुन्हा सुरू. हा खेळ लहानांना भलताच आवडतो, कारण सगळं रान त्यांच्या पावलांना उत्तर देतंय असं वाटतं. नऊ वर्षांच्या मुलाला मोजायला सांगा: एकच रातकिडा धरायचा, पंधरा सेकंदांत तो किती वेळा ओरडतो ते वहीत लिहायचं, एकदा जेवणानंतर आणि एकदा झोपण्याआधी. गारठा वाढला की आकडा खाली येतो, कारण किड्यांच्या शरीराचं तापमान हवेबरोबर बदलतं आणि स्नायू मंदावतात. अमोस डॉल्बेअर या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने १८९७ साली या नात्याचं सूत्रच मांडलं होतं. ते सगळ्या जातींना सारखं लागू पडत नाही, पण मुलाने स्वतः लिहिलेले दोन आकडे त्याच्या दृष्टीने पुरेसे असतात.

"आता काय करायचं?" या प्रश्नावर माझं उत्तर तुम्हाला थोडं कठोर वाटेल. काहीही करायला देऊ नका. निदान पहिला तासभर. ज्या मुलाचा घरचा दिवस शाळा, शिकवणी आणि पडदा यांत वाटला गेलेला असतो त्याला रिकामपण आलं की आधी कंटाळा येतो, मग कुरकुर, मग तो उगाच काठीने माती उकरायला लागतो. इथे बहुतेक आईबाबा घाईने खेळ काढतात. त्या उकरण्यातूनच पुढचं सगळं येतं.

एका मुक्कामात एक मुलगा असाच तंबूमागच्या दगडाच्या आडोशाला बसला होता. तिथल्या कोरड्या, भुसभुशीत मातीत नरसाळ्यासारखे छोटे छोटे खड्डे होते. एक मुंगी काठावरून घसरली. वर चढायला लागली तर खड्ड्याच्या तळातून मातीचे कण उडाले आणि ती पुन्हा खाली आली. तीनचारदा असंच झालं आणि मग ती मातीत ओढली गेली. तो मुलगा पोटावर आडवा झाला. नाक जमिनीला टेकेल इतकं जवळ. कुणीतरी त्याला खेळायला हाक मारली, त्याने मान वळवली नाही. मीही गेले नाही. बऱ्याच वेळाने तोच आला आणि म्हणाला, "आत कुणीतरी आहे." मी विचारलं, कसं कळलं? मग त्याने गवताची काडी घेऊन काठावर माती पाडून दाखवली, आणि तळातून पुन्हा कण उडाले. ती मुंगीसिंह नावाच्या किड्याची अळी. ती फक्त मागे मागे सरकत चालते, आणि मोठी झाली की पंख फुटून चतुरासारखी दिसते. हे मी त्याला संध्याकाळी सांगितलं, तेही त्याने विचारल्यावर. आधीच नाव सांगितलं असतं तर "हो का" म्हणून तो उठून गेला असता, असं मला वाटतं.

मुलाने "हे काय आहे?" विचारलं की शक्यतो लगेच नाव सांगू नका. "ते काय करतंय?" असं उलट विचारा. दहापट मोठं दाखवणारं भिंग गळ्यात अडकवून द्या. जनावरं आणि झाडं ओळखणारी मोबाइलची अॅप चांगली आहेत, पण ती घरी आल्यावर उघडा. आणि मोबाइल बाजूला ठेवायचा नियम आईबाबांनाही लागू आहे. एक फोन चार्ज केलेला, बंद करून, अडीअडचणीसाठी. रेंज कुठे मिळते ते उजेडातच बघून ठेवा आणि परत येण्याची वेळ कुणाला तरी सांगून निघा.

"हात लावू नको" हे वाक्य दिवसभर ऐकणाऱ्या मुलाला निसर्ग आवडणार कसा? माझा नियम सोपा आहे. खाली पडलेलं ते हातात घ्यायचं, जिवंत आहे ते जिथे आहे तिथेच बघायचं. दगड उचलून खाली काय आहे ते बघायला परवानगी, पण मोठ्यांसोबत, आणि दगडाची पलीकडची कड उचलायची, म्हणजे दगड आपल्या आणि खालच्या प्राण्याच्या मध्ये राहतो. बघून झालं की तो हळूच जसा होता तसा परत ठेवायचा, कारण ते कुणाचं तरी छप्पर आहे. हे वाक्य मुलांना एकदा सांगितलं की ती मोठ्यांनाच बजावायला लागतात.

खेळांपेक्षा खरी कामं द्या. खुंट्या ठोकणं, दोरी ताणणं, पाणी भरणं, रात्रीच्या बॅटऱ्या मोजून ठेवणं. चार वर्षांच्या मुलीने ठोकलेली खुंटी वाकडी असेल, तिच्या देखत ती काढून सरळ करू नका, शेजारी दुसरी ठोका. चालायला गेलात तर पल्ला ठरवू नका, वेळ ठरवा. त्या वयाचं मूल कुठे पोहोचायला चालत नाही. तासाभरात दोनशे मीटर झाले आणि चार मुंगळे बघितले, तर ती चांगली फेरी झाली.

जाता जाता एक सांगते. बाहेरच्या उजेडाचा आणि मुलांच्या नजरेचा संबंध आता चांगला अभ्यासला गेलाय. ज्या मुलांचा रोज जास्त वेळ दिवसाउजेडी बाहेर जातो त्यांच्यात लघुदृष्टी, म्हणजे लांबचं अंधुक दिसणं, सुरू होण्याचं प्रमाण कमी आढळतं. घरात काहीशे लक्स उजेड असतो, बाहेर ढगाळ दिवशीही हजारो. एका मुक्कामाने यात फरक पडत नाही, पण मुलांना बाहेरची गोडी लागली तर रोजचं खेळणं वाढतं, आणि ते हवंच आहे.

शेकोटी तुमच्या यादीत आहे. जिथे परवानगी आहे आणि जागा आधीच ठरवून दिलेली आहे तिथेच, आणि लहानशी. मला स्वतःला पहिल्या रात्री शेकोटी नसलेली आवडते. आग पेटली की सगळे तिच्याकडे तोंड करून बसतात, पाठीमागचं सगळं काळंकुट्ट होतं, आणि वर सांगितलेली संध्याकाळ मुलांच्या हातून जाते. लावणारच असाल तर तीन मीटरवर दोरीने किंवा दगडांनी गोल आखा, त्याच्या आत मुलांनी मोठ्यांचा हात धरूनच यायचं. बादलीभर पाणी शेजारी. विझवताना पाणी, ढवळणं, पुन्हा पाणी, आणि हाताचा मागचा भाग जवळ नेल्यावर गरम लागत नाही तोवर हेच. निखारे वाळूने किंवा मातीने झाकून जाऊ नका. वरून काही दिसत नाही, आत ते तासन्तास धगधगत राहतात, आणि सकाळी अनवाणी धावणाऱ्या मुलाचा पाय नेमका तिथे पडतो.

पाणी कितीही नितळ दिसलं तरी उकळूनच प्यायचं. खळखळून उकळी आल्यावर १ मिनिट, २००० मीटरहून उंच जागी ३ मिनिटं. सगळ्यात सोपं म्हणजे एका रात्रीसाठी घरूनच पाणी न्या. मुक्कामात पोट बिघडतं ते पुष्कळदा हात न धुतल्यामुळे. तंबूजवळ झाडाला पाण्याची तोटीवाली बाटली आणि दोरीत अडकवलेला साबण टांगून ठेवा, मुलं आपण होऊन जातात. क्षारसंजीवनीची पाकिटं ठेवा. पाकीट नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात साखरेचे ६ सपाट छोटे चमचे आणि मिठाचा अर्धा. हे प्रमाण अंदाजाने करू नका, मीठ जास्त झालं तर अपाय होतो.

संडासाबद्दल आईबाबा संकोचाने विचारत नाहीत, आणि मुलं न सांगता दोन दिवस दाबून ठेवतात. मग पोट दुखतं, चिडचिड होते आणि कारण कुणाला कळत नाही. तुमच्या मुलीसाठी घरचं ओळखीचं पॉटी-भांडं न्या, रात्री तंबूच्या दाराशी ठेवा. जिथे संडास नाही तिथे पाण्यापासून आणि तंबूपासून किमान ६० मीटर, म्हणजे मोठ्या माणसाची सत्तर-ऐंशी पावलं, लांब जाऊन १५ ते २० सेंटीमीटर खोल खड्डा खणायचा आणि नंतर मातीने बुजवायचा. खुरपं मुलाच्या ताब्यात द्या. कागद आणि ओले वाइप्स पिशवीत घालून परत आणायचे, ते पुरायचे नाहीत.

धोक्यांची यादी लांबवत नाही, पण काही गोष्टी निघायच्या आधी घरीच बोलून घ्या. पहिली, हरवलं तर काय करायचं. १९८१ साली कॅलिफोर्नियातल्या एका डोंगरावर नऊ वर्षांचा मुलगा वाट चुकून दगावला, त्यानंतर तिथे शोधपथकातल्या माणसांनी मुलांना 'हग अ ट्री' शिकवायला सुरुवात केली: वाट चुकल्याचं कळलं की जवळच्या झाडाला धरून तिथेच थांबायचं. मूल चालत राहिलं की शोधाचं क्षेत्र दर तासाला वाढत जातं, थांबलं की लवकर सापडतं. दोघांच्या गळ्यात शिट्टी असू द्या, तीन वेळा फुंकायची, थांबायचं, पुन्हा तीन वेळा. अनोळखी माणूस नावाने हाक मारत असेल तरी उत्तर द्यायचं, हेही सांगा. घाबरलेली मुलं शोधायला आलेल्यांपासून लपतात. सकाळी दोघांचा त्या दिवशीच्या कपड्यांतला फोटो काढा आणि बुटांच्या तळव्यांचाही.

दुसरी, पाणी. ओढा किंवा तळं जवळ असेल तर मुलगी कायम तुमच्या हाताच्या अंतरावर. बुडणारं मूल ओरडत नाही, आवाजाच्या भरवशावर राहू नका. तिसरी, वीज. तंबू विजेपासून अजिबात वाचवत नाही. गडगडाट ऐकू आला की सगळे पत्र्याच्या टपाच्या गाडीत किंवा पक्क्या इमारतीत, आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही. वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजून तीनने भागले की अंतर किलोमीटरमध्ये मिळतं. गाडीत बसल्या बसल्या मुलांना हा हिशोब करू द्या.

बूट रात्री तंबूच्या आत घ्या आणि सकाळी झटकून घाला. अंधारात पाय टाकण्याआधी बॅटरी. साप चावलाच तर आवळून बांधायचं नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही. तो अवयव हलू न देता ताबडतोब इस्पितळ गाठायचं, आणि जवळचं प्रतिविष असलेलं इस्पितळ कुठलं हे निघण्याआधी माहीत हवं. संध्याकाळी अंग तपासा, काखा, मांड्यांचे सांधे, कानामागे. गोचीड दिसली तर बारीक चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढायची. तेल लावणं, चटका देणं हे प्रकार नकोत.

रात्री दोन वाजता मुलगी "घरी जायचंय" म्हणून रडायला लागली तर काय, असं तुम्ही शेवटी विचारलंय. आधी बॅटरी लावा, पाणी द्या, शू करायची आहे का विचारा, गार लागतंय का बघा, तुमच्या बॅगेत घ्या. यांतलं काहीतरी बहुतेक वेळा लागू पडतं. नाही पडलं तर गाडीत जाऊन झोपा, तिथे दारं बंद होतात म्हणून लहान मुलांना सुरक्षित वाटतं. एक काच थोडी खाली ठेवा आणि गाडी चालू ठेवून झोपू नका. तिथेही नाही जमलं तर घरी निघा, पण चालवणारा पुरेसा जागा असेल तरच, नाहीतर उजाडेपर्यंत गोष्टी सांगत बसा. दादाला हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे तो बहिणीला दोष देणार नाही.

तर वेळापत्रकातून खजिन्याचा शोध, पानं गोळा करण्याची स्पर्धा आणि शेकोटी काढा. पहाटेचं पक्षीनिरीक्षण ठेवा, पण मुलांना उठवायला जाऊ नका; त्या वेळी पाखरंच इतका गलका करतात की ती आपोआप जागी होतात, आणि मग दहा मिनिटं नुसतं पडून किती वेगवेगळे आवाज येतात ते मोजायला सांगा. दुपारी तीनच्या सुमारास पोहोचायचं, चौघांनी मिळून तंबू लावायचा, उजेडी जेवायचं, फडकी पसरून बसायचं. दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत आवरून निघा. तंबू ओला असेल तर घरी पोहोचल्यावर त्याच दिवशी उलगडून वाळवा, एका रात्रीत त्याला कुबट वास धरतो आणि बुरशीचे डाग मग निघत नाहीत. दोन रात्रींचा बेत पुढच्या वेळी करा, आणि त्याची तारीख मुलांना विचारून ठरवा.